प्रश्न साल्वाला विचार

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले आणि सोबत जोडलेला वर्कशीटचा नमुनाही पाहिला. ‘तुमच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग कोणता? त्यावर तुम्ही जिद्दीने मात कशी केली?’ असे वर छापलेले आणि खाली आखलेल्या रेघा. सातवीतल्या ज्या मुलाने त्या सगळ्या रेघा कोऱ्या ठेवल्या आणि कागद पालथा घालून त्यावर कंपासपेटी ठेवली, तो उद्धट आहे की दुःखी, त्याला एकट्याला बोलावून विचारावे की त्याच्या पालकांना शाळेत बोलवावे, हे तू मला विचारतेस. यांतले काहीच करू नकोस. तो मुलगा बरोबर आहे आणि तुझा कागद चुकला आहे. प्रश्न कादंबरीतल्या साल्वाला विचार, मुलाला विचारू नकोस.

लिंडा सू पार्क यांची २०१० सालची ‘अ लाँग वॉक टू वॉटर’ ही कादंबरी तुमच्या शाळेने पूरक वाचनाला लावली याचा मला मनापासून आनंद आहे, कारण ठाण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत या वयाच्या मुलांना बहुधा परीकथा तरी देतात, नाहीतर थोरामोठ्यांची चरित्रे. इथे मात्र १९८५ सालच्या सुदानमध्ये अकरा वर्षांचा साल्वा वर्गात बसलेला असताना बाहेर गोळीबार सुरू होतो आणि मास्तर मुलांना घराकडे न पळता रानात पळायला सांगतात. त्याच देशात २००८ साली निया नावाची मुलगी रोज पाण्यासाठी मैलोन्‌मैल चालते आहे. दोन वाटा थेट शेवटच्या प्रकरणात एकत्र येतात. साल्वा खराखुरा माणूस आहे आणि पुढे त्याने आपल्या देशात कूपनलिका खोदणारी संस्था उभी केली, हे तू पहिल्याच तासाला सांगून टाकलेस. ते शेवटपर्यंत राखून ठेवले असतेस तर बरे झाले असते, पण त्याचे मला फारसे वाटत नाही. वाटते ते त्या कागदाचे.

सुरुवातीच्या पानांवर नियाच्या टाचेत काटा मोडतो, तो भाग पुन्हा काढ. ती खाली बसते, काट्याभोवतीची कातडी दाबून पाहते, मग दुसरा काटा उचलून त्याने पहिला टोकरत राहते आणि दुखते म्हणून ओठ घट्ट दाबून धरते. एवढेच आहे. काट्याने काटा काढायचा, असे मागच्या बाकावरून कोणीतरी मराठीत ओरडेल; ओरडू दे. मग विचार, की पायाला एवढे लागलेले असताना ही मुलगी घरी परत का फिरत नाही? कोणीतरी म्हणेल की परत फिरली तर पाणी कोण आणणार, आणि दुसरे कोणीतरी म्हणेल की घरी सगळे वाट पाहत असतील, ओरडतील. ज्या मुलीने ‘ओरडतील’ म्हटले तिने तुला पुष्कळ काही सांगितले आहे, आणि ते नियाच्या आडोशाला उभे राहून सांगितले आहे. तो आडोसा तिला राहू दे. ‘तुझ्या घरी कोण ओरडते?’ असा पुढचा प्रश्न तुझ्या जिभेवर येईल, तो गिळून टाक.

तू लिहितेस की वाचलेले मुलांना स्वतःच्या आयुष्याशी जोडता आले पाहिजे, असे तुला बी. एड.ला शिकवले आहे. अगं, ते जोडतातच! तुला दाखवण्यासाठी जोडले पाहिजे, असे कोणी सांगितले? साल्वा घरी डिंका बोलतो आणि शाळेत त्याला अरबीतून शिकावे लागते, हे पहिल्याच प्रकरणात आले आहे. घरी मराठी, आगरी किंवा भोजपुरी बोलून तुझ्या इंग्रजीच्या तासाला बसणाऱ्या मुलांना ते वाचताना काय वाटले असेल, हे हात वर करून सांगायला लावायचे असते का? साल्वाला अरबीच्या तासाला काय वाटत असेल, एवढे विचार आणि गप्प राहा. तिसऱ्या मिनिटाला वर्ग आपणहून बोलू लागतो.

मला लोक कोरड्या बाई म्हणत असत, हे तुलाही ठाऊक आहे, कारण म्हणणाऱ्यांत तुमची तुकडीही होती. त्याचे मला दुःख नाही. दुःख आहे ते वेगळ्याच गोष्टीचे. महामारीनंतर नवी मुंबईतल्या आमच्या शाळेचे वर्ग पुन्हा भरले तेव्हा प्रत्येक तुकडीकडून ‘या काळाने मला काय शिकवले’ असा निबंध लिहून घेण्याचा आदेश निघाला. माझ्या तुकडीकडून मी तो लिहून घेतला नाही, त्याबद्दल बोलणीही खाल्ली. पण बाकीच्या तुकड्यांचे निबंध जिन्यासमोरच्या फलकावर लागले, आणि ते काही मला थांबवता आले नाहीत. त्यांतला एक अजून डोळ्यांसमोर आहे. अक्षर वळणदार, समास आखलेला, ‘माझे बाबा गेले, पण मी खचलो नाही’ असे शेवटचे वाक्य, आणि त्याखाली लाल शाईत ‘व्हेरी गुड’ व एक चांदणी. त्या मुलाला रोज मधल्या सुट्टीत डबा घेऊन त्या फलकावरून जावे लागे. मी कोरडी होते म्हणून माझ्या मुलांवर ती वेळ आली नाही, असे मी आजही ठणकावून सांगेन.

आणि त्या जिद्दीविषयी कादंबरी स्वतः काय म्हणते, ते तरी नीट वाच. साल्वाचा मित्र मारियाल याला रात्री सिंह नेतो. ज्या काकाने वाळवंटात ‘त्या पुढच्या झुडपापर्यंत चल, मग त्याच्या पुढच्या’ असे करत साल्वाला चालवत आणले, त्या काकाला गोळ्या घालतात. या दोघांची जिद्द कमी पडली का? हा प्रश्न वर्गात जरूर विचार. सुरुवातीला एकट्या मागे राहिलेल्या साल्वाला एका म्हातारीने शेंगदाणे दिले नसते तर त्याच्या जिद्दीचे काय झाले असते, हेही विचार. जिद्द असली की माणूस तरतोच, असे फळ्यावर लिहिशील तेव्हा ज्याच्या घरातले माणूस तरले नाही, असे एखादे मूल तुझ्यासमोर बसलेले असेल, आणि ते कोणते हे तुला माहीत नसेल.

पाण्याचा विषय मात्र हवा तितका लांबू दे. आपल्याच जिल्ह्यात शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही धरणे आहेत, त्यांचे पाणी जलवाहिन्यांतून मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात. नकाशा लावून हे दाखव, मुलांना चिडू दे, भांडू दे. तो प्रश्न तालुक्याला विचारलेला आहे, कोणा मुलाच्या घराला नव्हे.

एखादे मूल तास संपल्यावर आपणहून तुझ्याकडे आले तर गोष्ट वेगळी. तेव्हा बाकीचे सगळे बाजूला ठेवून ऐक, ते वर्गात किंवा स्टाफरूममध्ये बोलू नकोस, आणि प्रकरण त्याच्या सुरक्षिततेचे असेल तर शाळेच्या समुपदेशकांना गाठ. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांकही जवळ असू दे. पण त्याने यावे, तू ओढू नयेस.

ते भरलेले कागद उद्या ज्याचे त्याला परत दे आणि त्यांचे गुण कुठेही नोंदवू नकोस. सुपरवायझरना फाइलला लावायला काहीतरी लागेल, हे मी जाणते. मी स्वतः पुढे त्या खुर्चीवर बसले आणि वर्ग सुटला, ते मला कधीच मानवले नाही. त्यांच्यासाठी मुलांकडून काकाच्या बाजूने त्या वाळवंटातल्या दिवसाची हकिकत लिहून घे, त्यात भाषाही तपासता येईल. आणि गिलो नदीचे प्रकरण येण्याआधी वेळापत्रक बघून जोडतास मागून घे, कारण ती मगरींची नदी अर्धी ओलांडून घंटा झाली, तर पुढच्या गणिताच्या तासाला कोणाचेही लक्ष लागणार नाही आणि तक्रार तुझ्या नावाने जाईल.

तुझ्या,
बाई