नाटकावर मत लिहिताना

आधी प्रयोग कुठला ते सांग: तारीख, नाट्यगृह आणि तू कितव्या रांगेत होतास. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ सालचं, सुमारे हजार खुर्च्यांचं. तिथे बाल्कनीतून नटाचे डोळे काय दिसणार? पुण्यातल्याच छोट्या सुदर्शन रंगमंचावर मात्र नट इतका जवळ असतो की पापणी हललेलीही कळते.

‘छान झालं’, ‘कंटाळलो’ एवढ्यावर थांबू नकोस. नेमकं कुठे कंटाळलास? संहिताच सैल होती, की नटाने हशा वसूल करायला वाक्य ताणलं? समोरचं पात्र उत्तरासाठी तोंड उघडून ताटकळत उभं दिसलं, तर दोष लेखकाचा नाही. हा फरक करता येणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

भूमिकेत नवा नट आला असेल तर तसं लिही. जुन्याची आठवण काढून त्याला झोडपणं अन्याय आहे. नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत करणाऱ्यांची नावं जाहिरातीत असतात, तीही घे. ही माणसं नेहमी राहून जातात, याचं फार वाईट वाटतं.

शेवट फोडू नकोस. आणि शुभारंभाच्या प्रयोगावर कडक लिहिलं असशील, तर पंचवीसेक प्रयोगांनंतर तेच नाटक पुन्हा बघ. तोवर नटांच्या थांबण्याच्या, हशाच्या जागा पक्क्या बसलेल्या असतात.