लंडनमध्ये नोकरी करतो. पुण्याच्या ताई-भावजींना तीन आठवड्यांसाठी बोलवायचंय. व्हिसा कसा स्पॉन्सर करू?

तुम्ही खर्च उचलू शकता, पण अर्ज ताई-भावजींचाच असतो, प्रत्येकाचा वेगळा. स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसासाठी स्पॉन्सरचा फॉर्म भरावा लागत नाही. तुमचं निमंत्रणपत्र पुरेसं: नातं, तारखा, राहायचं कुठे, कोणता खर्च कोण करणार. सोबत तुमच्या पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, घराचा करार आणि तिथे राहायच्या परवानगीचा पुरावा.

बहुतेक लोक इथेच थांबतात, आणि मला ते फार खटकतं. कारण अधिकाऱ्याला मुख्य शंका असते ती पाहुणे परत जातील का याची, आणि तिचं उत्तर तुमच्या पगारात नाही, त्यांच्या कागदांत आहे. नोकरी असेल तर रजा मंजुरीचं पत्र, दुकान असेल तर आयकर विवरणपत्र, पेन्शन, मागे राहणारी मुलं, सगळं दाखवा. अर्जाच्या तोंडावर त्यांच्या खात्यात मोठी रक्कम अजिबात टाकू नका. ती कुठून आली हे कळलं नाही की संशय येतो. लग्नानंतर ताईंचं आडनाव बदललंय ना? मग जन्मदाखला आणि विवाह प्रमाणपत्र जोडाच. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर हवं.

अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. तिकिटं व्हिसानंतरच काढा. प्रवास विमा सक्तीचा नाही, तरी घ्याच. पाहुण्यांना तिथे रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर बिल भरावं लागतं.