‘बघू’ या उत्तराचं करायचं काय?

“मुलगा २३ वर्षांचा आहे. पदवी मिळून आठ महिने झाले. अर्ज करतोय म्हणतो आणि दार लावून फोनवर असतो. नोकरी, व्हिसाची मुदत, पुढे शिकायचं की नाही, कुठल्या शहरात राहायचं, काहीही विचारलं तरी एकच शब्द: ‘बघू’. आम्ही त्याच्या वयाचे असताना असे नव्हतो. त्याचे बाबा चिडतात, मी रात्र रात्र जागी असते. त्याच्याशी बोलायचं तरी कसं?”

ताई, तुमचं पत्र वाचताना मी त्या ‘बघू’पाशीच अडकले. आपल्या घरांत हा शब्द फार फसवा आहे. लहानपणी मैत्रिणींबरोबर सहलीला जाऊ का विचारलं आणि वडील ‘बघू’ म्हणाले, की आपण समजून जायचो: नाही. त्यामुळे आता मुलगा ‘बघू’ म्हणाला की आपल्याला ऐकू येतं, टाळतोय. मला वाटतं, त्याला खरंच माहीत नाहीये. आणि ‘मला माहीत नाही आणि त्याची मला भीती वाटते’ हे सांगायला त्याच्या घरगुती मराठीत एवढाच शब्द असावा.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ जणांना संगणकावर एक खेळ खेळायला दिला. दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा सौम्य पण दुखणारा झटका. सापाची शक्यता सारखी बदलत राहायची आणि त्याबरोबर माणसांचा घाम, डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या जायच्या. झटका नक्की बसणार हे माहीत असतानाही माणसं तेवढी ताणाखाली नव्हती, जेवढी निम्मी-निम्मी शक्यता असताना होती. म्हणजे तुमच्या मुलाला सरळ नकार आला असता, तर तो कदाचित आजच्यापेक्षा शांत झोपला असता. (त्याच प्रयोगात असंही दिसलं, की ज्यांचा ताण अनिश्चिततेबरोबर वरखाली होत होता, त्यांचे अंदाज जास्त बरोबर येत होते. तेव्हा घालमेल अगदीच वाया जात नाही. हे त्याच्या बाबांना जरूर सांगा.)

तळ्यात-मळ्यात आठवतंय ना? त्यात तळ्यात उडी मारणं अवघड नसतं, मळ्यातही नसतं. दमवतं ते काठावर गुडघे वाकवून पुढच्या शब्दाची वाट बघणं. तुमचा मुलगा आठ महिने तसा उभा आहे.

आता फोनकडे येते. माझी मुलगी अशाच काळातून गेली. एका कंपनीने तिच्या चार मुलाखती घेतल्या आणि मग गप्प बसली. होकार नाही, नकार नाही. एकदा जेवताना मी पाहिलं, डाव्या हाताचा अंगठा टेबलाखाली हलत होता: खाली ओढायचा, सोडायचा, खाली ओढायचा, सोडायचा. फोनकडे तिचं लक्षही नव्हतं. माझ्याशी बोलत होती, मान डोलावत होती. अंगठा मात्र स्वतःच्या नोकरीवर हजर होता.

स्क्रीन खाली ओढून ताजं करायची ही युक्ती लॉरेन ब्रिक्टर या तरुण प्रोग्रामरने ट्विटरच्या एका ॲपसाठी शोधून काढली, त्या युक्तीला अजून वीस वर्षंही झालेली नाहीत. पण तिच्यामागची ओढ जुनी आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगातल्या कबुतरांना प्रत्येक टोचीला दाणा मिळाला नाही, कधी मिळाला कधी नाही, तेव्हा ती चोच मारायची थांबेनात. ई-मेलचंही तसंच. बहुतेकदा काही नसतं, क्वचित असतं, म्हणून हात पुन्हा जातो. शिवाय तिथेच कुणाच्या तरी नव्या नोकरीचा फोटो दिसतो. जग पुढे गेलं, मी काठावर.

ताई, रागावू नका, पण ‘काही कळलं का रे?’ हा तुमचा प्रश्न त्या अंगठ्याचाच भाऊ आहे. मुलगा ई-मेल ओढून बघतो, तुम्ही मुलाला ओढून बघता. त्याला ई-मेलमधून काही मिळत नाही, तुम्हाला त्याच्या चेहऱ्यातून काही मिळत नाही, आणि तासाभराने दोघंही पुन्हा. मीही हेच केलंय. दिवसातून तीनदा, वेगवेगळे बहाणे काढून.

आमच्या घरी ते थांबलं एका साध्या करारामुळे. रविवारी संध्याकाळी ती स्वतःहून सांगणार, आठवड्यात काय झालं. काही मोठं घडलं तर लगेच कळवणार. बाकी सहा दिवस आम्ही विचारणार नाही. पहिला आठवडा मला जड गेला, तिला नाही. तिसऱ्या आठवड्यात मंगळवारीच येऊन आपणहून बोलायला लागली.

या गप्पांत एक काम करता येतं. कुठल्या गोष्टीला तारीख आहे आणि कुठलीला नाही, ते वेगळं काढा. व्हिसाला तारीख आहे. तिथे ‘बघू’ चालणार नाही. कागदपत्रं, मुदत, नियम जाणणाऱ्या वकिलाशी बोलणं, हे आत्ताच करायचं, आणि त्यात तुमची मदत त्याला खरंच लागेल. ‘मला नेमकं काय आवडतं’ याला तारीख नाही. ते तिथे ठेवून द्या. ही दोन्ही ओझी एकाच पोत्यात भरली की वाहून नेणं कठीण होतं.

ई-मेल बघायच्या वेळा त्याने ठरवाव्या, दिवसातून दोन, आणि बाकी वेळ सूचना बंद. हे त्याला सुचवा, लादू नका. आजकाल मुलं रात्री दोन वाजता चॅटबॉटला विचारतात, ‘दहा दिवस झाले, कंपनीचं उत्तर नाही, म्हणजे नकारच ना?’ तो न थकता समजूत घालतो. पाच मिनिटं बरं वाटतं, मग तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत. मुलांना उत्तर हवं असतं आणि मिळतो दिलासा. दिलासा लवकर विटतो.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मिशेल दुगा यांनी अनिश्चितता सहन न होणं आणि सततची काळजी यांचा संबंध १९९०च्या दशकापासून अभ्यासला. त्यावर बेतलेल्या उपचारपद्धतीत माणसाला मुद्दाम छोट्या छोट्या गोष्टी खात्री न करता करायला लावतात. ई-मेल एकदाच वाचून पाठवायचा. परीक्षणं न वाचता सिनेमाला जायचं. ऐकायला पोरकट वाटेल, पण ‘माहीत नव्हतं, तरी निभावलं’ याचा अनुभव असाच जमतो. हे तुम्हीही करा, त्याच्यासमोर. प्रवासात त्याचं लोकेशन न बघता एक संध्याकाळ काढून दाखवा.

‘आम्ही असे नव्हतो’ याबद्दल. दोन सुटकेस घेऊन आलो, कष्ट केले, स्थिरावलो, ही गोष्ट प्रत्येक घरात सांगितली जाते आणि ती शेवटाकडून सांगितली जाते. मधले महिने गाळलेले असतात. पहिली नोकरी टिकेल का याची खात्री नव्हती, परत जावं लागेल म्हणून सामान घेतलं नव्हतं, घरी फोनवर ‘सगळं छान’ म्हणून खोटं बोललो होतो. तो भाग त्याला सांगा, धडा न जोडता. आपल्याला एक सोय मात्र होती. उत्तर पत्राने यायचं आणि पोस्टमन दिवसातून एकदाच दिसायचा. मधल्या तेवीस तासांत बघायला काही नव्हतं.

नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याच्या मुलाखतींची बातमी देऊ नका. आज दहा शुभेच्छा येतील, पुढच्या महिन्यात दहा चौकश्या, आणि त्यांची उत्तरं त्यालाच द्यावी लागतील. ‘शोधतोय, ठरलं की सांगू’, एवढं पुरे.

एक गोष्ट मात्र ‘बघू’वर सोडू नका. झोप, भूक, मित्र, आवडती कामं हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त काळ सुटलं असेल, तर त्याला डॉक्टरांकडे न्या. जगण्यात अर्थ नाही असं काही तो बोलला, तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी मदत मिळवा. तोवर त्याला एकटं सोडू नका आणि ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं त्याला स्पष्ट विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, हे उत्तर त्याला फॉरवर्ड करू का. नको. पाठवलंत तर निळ्या खुणा आल्या का, हे बघत तुम्ही बसाल.