बिल्ला कानात आहे, पण नोंद कोणाच्या नावावर आहे?

आपण विचारले आहे की चाळीस मेंढ्यांना टॅग, म्हणजे कानातला बिल्ला, मारणे सक्तीचे आहे का आणि बाजारातून आणलेल्या मेंढीच्या कानात बिल्ला असेल तर पुन्हा मारावा लागतो का. सक्तीचे आहे. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बारा अंकी बिल्ला आणि त्याची भारत पशुधन या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरील नोंद नसेल, तर खरेदी-विक्री करता येत नाही, सरकारी दवाखान्याची सेवा मिळत नाही आणि जनावर नैसर्गिक आपत्तीत किंवा वन्यपशूच्या हल्ल्यात दगावल्यास भरपाईही मिळत नाही.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र माझी जुनी जखम उघडली. आटपाडीच्या बाजारातून आम्ही माडग्याळ जातीच्या नऊ मेंढ्या आणल्या होत्या. नऊही कानांत पिवळे बिल्ले होते, म्हणून मी निर्धास्त राहिलो. पुढे वळवाच्या पावसात लिंबाखाली वीज पडली आणि त्यांतल्या सहा जागीच गेल्या. पंचनाम्याच्या वेळी बिल्ल्यांवरचा चिखल मी धोतराच्या सोग्याने पुसत गेलो, डॉक्टर एकेक क्रमांक मोबाइलवर टाकत गेले आणि सहाही क्रमांकांपुढे विकणाऱ्याचेच नाव आले. मेंढीमागे ४००० रुपयांप्रमाणे होणाऱ्या २४,००० रुपयांसाठी मी चार महिने हेलपाटे घातले, तरी मालकी सिद्ध होत नाही असा शेरा मारून प्रकरण बंद करण्यात आले.

आमचे थोरले चुलते तेव्हापासून म्हणतात की सरकारी बिल्ल्यापेक्षा आपला कानाचा काप बरा. डाव्या कानाच्या टोकाला आडवा काप आणि त्याखाली खाच ही आमच्या मेंढवाड्याची खूण आहे, आणि ती पाहून चुलते दुसऱ्याच्या खांडात, म्हणजे कळपात, मिसळलेली मेंढीही लांबून ओळखतात, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु ती खूण मेंढक्यांना कळते, पंचनामा करणाऱ्याला किंवा विमा कंपनीला नाही. आमचे नुकसान बिल्ल्यामुळे झाले नाही, नोंद बदलून न घेतल्यामुळे झाले, आणि ती चूक माझी होती.

म्हणून आणलेल्या मेंढीला दुसरा बिल्ला मारू नका. क्रमांक तोच राहतो, फक्त मालकाचे नाव बदलावे लागते, आणि ते विकणारा हाताशी असेपर्यंतच दवाखान्यात जाऊन करून घ्यावे. चुलत्यांची एक तक्रार मात्र रास्त आहे, ती म्हणजे कडेला मारलेला बिल्ला बाभळीत अडकून कान फाडतो. तो कानाच्या मधोमध, शिरा टाळूनच मारायला सांगा. पडलाच, तर नवा मारताना जुना क्रमांक त्याला जोडून घ्यावा लागतो, म्हणून सगळे क्रमांक वहीत हवेत. कातरणीला मेंढी आडवी पाडलेली असतेच, तेव्हा ते उतरवून घेता येतात. आमच्याकडे आता मी क्रमांक वाचतो आणि चुलत्यांची नात लिहून घेते.