‘म्हणे’ नसलेलं म्हणणं

प्रश्न असा आलाय: “एका व्याख्यानात ऐकलं की इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिन आणि फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर या दोघांनी संज्ञाप्रवाहाचं तंत्र वापरलं. दुसरीकडे त्याच तंत्राला ‘मुक्त अप्रत्यक्ष शैली’ म्हटलेलं वाचलं. दोन्ही एकच का? आणि याला धड मराठी शब्द आहे का?”

एकच नाहीत. व्याख्यात्यांना सांगा, ऑस्टिनबाई 1817 साली वारल्या. ‘संज्ञाप्रवाह’ ज्या इंग्रजी शब्दावरून (‘स्ट्रीम ऑफ कॉन्शसनेस’) आपण घडवला तो विल्यम जेम्सने 1890 साली मानसशास्त्राच्या ग्रंथात रूढ केला, आणि कादंबरीच्या समीक्षेत तो आणला लेखिका मे सिंक्लेअरने, 1918 साली, डोरोथी रिचर्डसन या कादंबरीकार बाईंबद्दल लिहिताना. आधीच्या लेखकाला नंतरचा शब्द लावू नये असं मी म्हणत नाही, पण निदान तो अंगाला बसावा तरी. हल्ली कादंबरीतलं कुणी खिडकीत बसून विचार करू लागलं की समीक्षक ‘संज्ञाप्रवाह’ लिहून मोकळे. संज्ञाप्रवाहात वाक्यंच विरघळतात, एका आठवणीचं शेपूट दुसरीच्या तोंडात. ऑस्टिनचं वाक्य कसं, इस्त्रीची घडी.

ऑस्टिनच्या ‘एमा’ कादंबरीतल्या पहिल्या भागाच्या सोळाव्या प्रकरणाची सुरुवात बघा. एमाने मैत्रिणीसाठी जुळवलेलं स्थळ भलतीकडेच वळलंय, त्या गृहस्थाने एमालाच मागणी घातलीय. मी मराठीत सांगते: “केस कुरळे करून झाले, दासीला पाठवून दिलं, आणि एमा विचार करायला आणि दुःखी व्हायला बसली. काय हा प्रकार तरी! जे जे मनात धरलं होतं त्याचं पार वाटोळं!” पहिलं वाक्य निवेदकाचं. ‘विचार करायला आणि दुःखी व्हायला बसली’ यात निवेदक गालातल्या गालात हसतोय तेही दिसतं. दुसरं वाक्य कुणाचं? अवतरणचिन्ह नाही, ‘तिला वाटलं’ नाही, ‘मी’ही नाही. पण उद्गार एमाचाच. निवेदकाच्या तोंडून एमा बोलून गेली. हीच ती ‘मुक्त अप्रत्यक्ष शैली’.

याला नाव दिलं जिनिव्हाच्या शार्ल बायी या भाषाशास्त्रज्ञाने, 1912 साली. ‘अप्रत्यक्ष’ का, तर पुरुष तृतीय आणि काळ मागे ढकललेला. ‘मुक्त’ का, तर फ्रेंचमध्ये अप्रत्यक्ष कथनाला जो ‘क्यू’ लागतो, आपला ‘की’, त्याच्या खुंटीपासून वाक्य सुटलेलं. फ्रेंचपुरतं नाव चोख आहे. आपण शब्दाला शब्द ठेवून ‘मुक्त अप्रत्यक्ष’ केलं, आणि मराठी वाक्य मुळात त्या खुंटीला कधी बांधलेलं होतं का, हे पाहायचंच राहिलं.

नव्हतं. इथे माझं जुनं दुखणं वर येतं. रोज बातम्यांत ऐकते: ‘मंत्री म्हणाले की ते राजीनामा देणार नाहीत.’ ते म्हणजे कोण? मराठी कानाला हा तिसराच कुणी माणूस वाटतो. आपण म्हणतो, ‘मी राजीनामा देणार नाही, असं मंत्री म्हणाले.’ बोलणाऱ्याचा ‘मी’ तसाच राहतो, काळही तसाच राहतो, आणि शेवटी ‘असं’ किंवा ‘म्हणून’ येऊन गाठ मारतं. संस्कृतात हेच काम ‘इति’ करतो, कानडी-तेलुगूतही ‘म्हणून’सारखाच शब्द शेवटी येतो. इंग्रजीच्या तासाला प्रत्यक्षाचं अप्रत्यक्ष करताना ‘मी’चा ‘तो’ करायला शिकवतात, ते इंग्रजीच्या वहीत ठीक. मराठीच्या वहीत कशाला?

आणि तो ‘की’. वाक्यं जोडणारा ‘की’ संस्कृत ‘किम्’पासून आला असं काही जण सांगतात. ‘येतोस की नाही’ यातला विकल्पाचा ‘की’ खुशाल ‘किम्’कडे न्या, ज्ञानेश्वरीतही तो आहे. पण ‘म्हणाला की’ मधला ‘की’ फारसीचा पाहुणा आहे, हे मत मला पुरेपूर पटतं. जुन्या पत्रांचे मायने काढून बघा: ‘विज्ञापना ऐसीजे’. ‘जे’ने काम भागत होतं. पाहुणा आला, ओसरीवर बसला आणि आता घरमालक झालाय.

मूळ घरमालक म्हणजे ‘म्हणणे’. हा शब्द संस्कृत ‘भण्’पासून. भणति, प्राकृतात भणइ, मराठीत म्हणे. पुढच्या ‘ण’च्या नाकातल्या वाऱ्याने ‘भ’चा ‘म्ह’ झाला, इतकंच. आता याचा गोतावळा मोजा. म्हण, म्हणजे लोक जे म्हणत आले ते. ‘म्हणून’, म्हणजे खरं तर ‘असं म्हणून झाल्यावर’, पण आपण त्याला कारण बनवलं: पाऊस आला म्हणून थांबलो. ‘म्हणजे’, ज्याच्यावाचून एकही मराठी माणूस खुलासा करू शकत नाही. आणि घराण्यातला माझा सर्वांत लाडका, ‘भाण’. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या दहा रूपकांपैकी, म्हणजे नाट्यप्रकारांपैकी, हा एकपात्री प्रकार. रंगमंचावर एकटा विट, म्हणजे रंगेल, बोलघेवडा नागरिक. रस्त्याने चाललाय, वाटेत माणसं भेटतायत, पण ती प्रेक्षकांना दिसत नाहीत, ऐकूही येत नाहीत. विट थबकतो, कान देतो, ‘किं ब्रवीषि?’, काय म्हणतेस? आणि तिचं उत्तर स्वतःच बोलून दाखवतो, वर आपली टिप्पणी जोडतो. बोलणारी दोन माणसं, कंठ एक. ‘उभयाभिसारिका’ हा भाण वाचताना मला दर वेळी ऑस्टिन आठवते. तिथे ‘इति’ असतो, त्यामुळे हे काटेकोरपणे मुक्त नव्हे, हे माझं मलाच कळतं. पण दुसऱ्याचे शब्द आपल्या घशातून काढायचे आणि काढता काढता त्यांना चिमटा घ्यायचा, हा धंदा तोच.

आता ‘म्हणे’ या रूपाकडे या. ‘म्हणे निवृत्तिदासु’, ‘तुका म्हणे’ यांतलं ‘म्हणे’ जुन्या मराठीचा साधा वर्तमानकाळ. पुढे हीच रूपं रीतिभूतकाळात गेली: ती खिडकीत बसे, तो रोज तळ्यावर जाई. फ्रेंचमध्ये याच्या अगदी जवळचा काळ आहे, अपूर्ण भूतकाळ, आणि फ्लोबेरचं सगळं तंत्र त्याच्यावर उभं आहे. त्या एका काळाच्या वापरावर कादंबरीकार प्रूस्तने 1920 साली मोठ्या हिरिरीने लिहिलं, थेट कांटच्या तत्त्वज्ञानाशी तुलना केली. इंग्रजीला हा काळ स्वतंत्र नाही. ऑस्टिनला उद्गारचिन्हांवर आणि शब्दांच्या ठेवणीवर भागवावं लागलं, आणि तिने ते भागवलं, म्हणून तिचं कौतुक जास्त.

फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’ कादंबरीत हा काळ काय करतो ते पाहा. रोदॉल्फ या प्रियकराबरोबर रानात जाऊन आलेली एमा (ही दुसरी एमा) आरशात बघते, आपलाच चेहरा बघून चकित होते. ‘मला प्रियकर आहे!’ असं स्वतःशी घोकते. हे अवतरणात आहे. त्यानंतरचं वाक्य अवतरणाबाहेर, अपूर्ण भूतकाळात: म्हणजे प्रेमाची ती सुखं, सुखाचा तो ताप, ज्याची आशा सोडली होती, ते सगळं आता मिळणार होतं. 1857च्या जानेवारीत कादंबरीवर अश्लीलतेचा खटला उभा राहिला तेव्हा सरकारी वकील एर्नेस्त पिनार यांनी हाच उतारा वाचून दाखवला. व्यभिचाराचं हे गौरवगान आहे, असा त्यांचा आरोप. फ्लोबेर फेब्रुवारीत सुटला, कानउघाडणी ऐकून. पिनारांना सगळे हसतात. मी नाही हसत. वाक्य कुणाचं हे वाक्यावर लिहिलेलं नव्हतं. ‘असं तिला वाटलं’ हे तीन शब्द असते तर वकिलांची पंचाईत झाली असती.

मराठीत एकच शब्द पुरला असता. ‘तिला म्हणे आता प्रेमाची सुखं मिळणार होती.’ झालं, फ्लोबेर सुटला! आपल्या ‘म्हणे’त दोन गोष्टी एकदम येतात: हे दुसऱ्याचं बोलणं आहे, आणि माझी खात्री नाही. ‘तो म्हणे आजारी होता.’ अर्थात त्या ‘म्हणे’ने फ्लोबेरची कादंबरीही मेली असती, कारण लेखक कुठल्या बाजूला उभा आहे ते कळू न देण्यातच तिचा जीव आहे. ऑस्टिनला मात्र ‘म्हणे’ शोभतो. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चं 1813 सालचं ते जगप्रसिद्ध पहिलं वाक्य ‘सर्वमान्य सत्य’ वगैरे करून लोक का ठेचकाळतात कळत नाही. ‘गडगंज पैसेवाल्या अविवाहित पुरुषाला बायको हवीच असते म्हणे.’ अख्खं गाव बोललं, आणि लेखिका नामानिराळी. हे मुक्त अप्रत्यक्ष नव्हे, असं भाषाशास्त्री म्हणतील. म्हणोत.

बोव्हारीच्या वाक्यात एक ‘दाँक’ आहे, म्हणजे आपलं ‘म्हणजे’, ‘तर मग’. सारा पुरावा त्या टिकलीएवढ्या शब्दात आहे, कारण असा हिशेब निवेदक मांडत नाही, एमाच मांडते. आणि मराठीची गंमत ‘आशा सोडली होती’ इथे. कर्मणी प्रयोगात क्रियापद ‘आशे’मागे जातं. सोडली कुणी, मी की तिने, हे सांगावंच लागत नाही. ‘म्हणजे आता मिळणार एकदाचं ते सुख, ज्याची आशाच सोडली होती.’ ना ‘मी’, ना ‘ती’. फ्रेंचला ‘ती’ लिहावंच लागलं, इंग्रजीलाही लागतं. आपल्याला सर्वनाम गाळता येतं. तरी आपले अनुवादक इमानेइतबारे दर वाक्यात ‘तिला’ ‘तिला’ घालतात आणि मग मराठीत हे तंत्र जमत नाही म्हणून कुरकुरतात.

अॅन बॅनफिल्ड या अभ्यासक बाईंनी 1982 साली सिद्धान्त मांडला की अशी वाक्यं फक्त लिहिता येतात, बोलता येत नाहीत, त्यांना बोलणाराच नसतो. बाईंनी आमच्या आत्याच्या ओट्यावर तासभर बसायला हवं होतं. आत्या सुनेबद्दल सांगायची ते असं: “दहा वाजता उठून आली. बसली. डोकं चढलंय, आज काही भाकऱ्या व्हायच्या नाहीत. मग थापल्या मी.” मधलं वाक्य सुनेचं. ना ‘की’, ना ‘म्हणाली’, ना ‘म्हणे’. ते सुनेचं आहे हे ओळखायला आत्याच्या मानेचा किंचित झटका पुरायचा. फ्लोबेरला तो झटका कागदावर आणायचा होता, त्यात त्याची जवळजवळ पाच वर्षं गेली.

हां, तुम्ही शब्द विचारला होतात. मला विचाराल तर ‘उसना आवाज’. निवेदकाने पात्राकडून आवाज उसना घेतला आणि परत करायचं विसरला. परीक्षेला बसणार असाल तर मात्र ‘मुक्त अप्रत्यक्ष निवेदन’च लिहा. उसन्या आवाजाला मार्क मिळायचे नाहीत.