एमआरआय चालवायचे, की त्यामागचे शास्त्र शिकायचे?

सप्रेम नमस्कार,

यावलहून आलेले आपले पत्र वाचले. आपल्या मातोश्रींच्या यकृतातील गाठीचा एमआरआय जळगावला झाला, त्या वेळी शिरेतून औषध सोडून पुन्हा चित्रे घेतली गेली. ते पाहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या आपल्या मुलीने हेच शिकायचे ठरवले, आणि आता तिला एमआरआय तंत्रज्ञाच्या पदविकेला घालावे का, असे आपण विचारता. माझ्या मते घालू नये. ती पदविका चांगलीच आहे, नोकरीही लवकर मिळते. पण मुलीने सोबतच्या चिठ्ठीत विचारलेला प्रश्न, ‘औषध गाठीत वेगळे का वागते?’, तिथल्या अभ्यासात जेमतेम येतो.

गाठीला काही मिलिमीटरच्या पुढे वाढायचे तर स्वतःच्या नव्या रक्तवाहिन्या लागतात, हा विचार अमेरिकी शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडला. घाईने फुटलेल्या या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. आपण केळीला ठिबकमधून विद्राव्य खत सोडता, तेव्हा धड नळीतून ते ठरल्या थेंबांनी पडते आणि खारीने कुरतडलेल्या नळीखाली डबके साचते. शिरेतून सोडलेले, गॅडोलिनियम या धातूचे औषध गाठीत असेच झिरपते. मात्र एमआरआयला गॅडोलिनियम स्वतः दिसत नाही. त्याच्या लगतच्या पाण्यातील हायड्रोजनची अणुकेंद्रके लवकर पूर्वस्थितीला येतात, म्हणून तो भाग उजळतो.

अभ्यासासाठी साठ किलोच्या रुग्णाला सुमारे 12 मिलिलिटर औषध देऊन काही सेकंदांच्या अंतराने चित्रे घेत राहतात आणि उजळपणाचा काळानुसार आलेख काढतात. त्या आलेखाला गणिती प्रारूप बसवून गळतीचा एक आकडा मिळतो, ज्याला ‘के-ट्रान्स’ म्हणतात. खरी मेख इथेच आहे. झाडाला पाणी कमी पडले तर नळीची छिद्रे बुजली की मोटारीचा दाबच कमी, हे नुसत्या ओलीवरून कळत नाही. तसेच हा आकडा घसरला तर वाहिन्यांची गळती थांबली की रक्तच कमी पोहोचले, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. नव्या वाहिन्या रोखणाऱ्या औषधांचा परिणाम जोखताना हा गुंता सोडवणारी माणसे लागतात, आणि ती बहुधा भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकीतून आलेली असतात.

रसायनाची वाटही आहे. सुटे गॅडोलिनियम विषारी असल्याने ते रेणूच्या पिंजऱ्यात पक्के बांधावे लागते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांतील एका गंभीर त्वचारोगाशी त्याचा संबंध 2006 मध्ये पुढे आला आणि 2017 मध्ये युरोपने सैल बांधणीची काही औषधे स्थगित केली. त्यामुळे अधिक पक्क्या रेणूंचा शोध चालू आहे. या वाटेने जायचे असेल, तर जळगावच्या विद्यापीठातील रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.पासून सुरुवात करण्यात काहीच कमीपणा नाही.

पण तिचा प्रश्न पाहता मी भौतिकशास्त्र सुचवीन: एम.एस्सी.च्या प्रवेशाची ‘जॅम’ परीक्षा, एम.एस्सी., मग नेट किंवा गेट ही पात्रता परीक्षा देऊन आयआयटीसारख्या संस्थेत किंवा खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत पीएच.डी.साठी प्रयत्न. एम.एस्सी.नंतरची रेडिऑलॉजिकल फिजिक्सची पदविका अनेक जण सुचवतील, परंतु तिचा भर किरणोपचारावर आहे आणि एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. एकूण वाट सात-आठ वर्षांची आहे, हे आजच मान्य करावे. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाल्यास सुरुवातीला दरमहा 37,000 रुपये मिळतात, म्हणजे शेवटची वर्षे आपल्यावर भार राहत नाही.

तूर्त एक काम तिला द्यावे. आजींच्या तपासणीची सीडी घरी असेल. त्यात औषधाआधीची आणि नंतरच्या तीन-चार टप्प्यांची चित्रे असतात. संगणकावर ती उघडून प्रत्येक टप्प्यात गाठीचा आणि शेजारच्या निरोगी यकृताचा उजळपणा मोजावा, आलेखाच्या कागदावर दोन रेषा काढाव्यात आणि त्या वेगळ्या का गेल्या, हे स्वतःच्या शब्दांत लिहावे. निदान डॉक्टरांनी केलेच आहे; त्यात तिने पडू नये. तो कागद मला पाठवावा, म्हणजे पुढचे बोलता येईल.

आपला,
करिअर मार्गदर्शक