रक्त वर चढलंच कसं?

जुने पिक्चर आणि जुन्या मालिकांमधले न पटणारे सीन, तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं. यावेळी सुरुवात मात्र चूक कबूल करण्यापासून. मागच्या अंकात ‘अमर अकबर अँथनी’तल्या (१९७७) रक्ताच्या सीनबद्दल प्रश्न होता आणि मी मोठ्या तोऱ्यात लिहून मोकळी झाले, की आईचा ग्रुप एबी पॉझिटिव्ह धरा, तिला कोणाचंही रक्त चालतं, विषय संपला. त्यावर हे पत्र आलं.

प्रश्न : ताई, मी ब्लड बँकेत टेक्निशियन आहे. तुमचं उत्तर वाचून हसू आलं. त्या सीनमधे तिघा भावांचं रक्त एकाच बाटलीत जातंय. एकाचा ग्रुप ए आणि दुसऱ्याचा बी असला तर बाटलीतच गुठळ्या होतील, आईपर्यंत पोचायची गोष्टच सोडा. आणि मुळात रक्त वर चढलंच कसं?

कान पकडले. मी फक्त आईच्या बाजूने विचार केला, बाटलीचा केलाच नाही. ज्यांना सीन आठवत नसेल त्यांच्यासाठी, तीन कॉटवर तीन भाऊ ओळीने झोपलेत, मागे खिडक्यांतून मंदिर, मशीद आणि चर्च दिसतंय, तिघांच्या हातातून नळ्या निघून वर टांगलेल्या एका बाटलीत जातात आणि तिथून एक नळी खाली आईच्या, म्हणजे निरुपा रॉयच्या हाताला, मागे रफीचं गाणं आणि वर टायटल्स. कोण कोणाचा कोण हे तिघांपैकी एकालाही माहीत नाही.

तर ग्रुपचा प्रश्न सुटतो हो, चौघांचाही एकच ग्रुप आहे असं धरलं की झालं, एका घरात असं असणं काही दुर्मिळ नाही. वर चढण्याचं मात्र शोधावं लागलं. रक्तदानात सुई शिरेत घालतात आणि शिरेतल्या रक्ताला दाब इतका कमी असतो की उभ्या नळीत ते फार तर काही इंच चढेल, म्हणून तर पिशवी आपल्या हाताच्या खाली ठेवलेली असते. पण नळी धमनीला लावली तर? स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने एका घोडीच्या धमनीला काचेची नळी लावून पाहिली, रक्त ८ फुटांच्या वर चढलं, आणि १७३३ साली त्याने ते छापलं. माणसाचं सव्वा मीटरच्या आसपास चढेल. म्हणजे दिग्दर्शक मनमोहन देसाईंच्या हॉस्पिटलने तिघांच्या धमन्यांत सुया खुपसल्या असतील तर बाटलीपर्यंत रक्त पोचेलही! तरी ते गोठू नये म्हणून पिशवीत सायट्रेट असतं तसं त्या बाटलीत काही होतं का हे तुम्हीच सांगा, मी आता ब्लड बँकेशी वाद घालणार नाही.

खरं सांगू का, मला हा सीन कधीच खटकला नाही. दिग्दर्शक लपवत नाहीये ना काही, उलट बँडबाजा लावून दाखवतोय. मला खटकतं ते दुसरंच. थोरला अमर हरवतो तेव्हा चांगला कळता मुलगा आहे, त्याला उचलून घरी नेऊन वाढवणारा माणूस पोलीस अधिकारी आहे, आणि या दोघांमधे “बाळ, तुझ्या बाबांचं नाव काय?” हा प्रश्न २२ वर्षांत एकदाही निघत नाही?? बरं, लहानपणी जमिनीत पुरलेलं खेळण्यातलं पिस्तूल त्याला मोठेपणी बरोबर आठवतं, बापाचं नाव तेवढं आठवत नाही. रक्त वर चढलं तर चढू दे, हे कसं गिळायचं?

प्रश्न : ‘शोले’च्या रामगढमधे वीज नाही, जया भादुरी रोज संध्याकाळी कंदील लावताना-विझवताना दिसते. मग वीरू ज्या टाकीवर चढतो त्या टाकीत पाणी कोण चढवतं?

हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी येतोच. डिझेल इंजिनवर चालणारा पंप, बस. विजेच्या आधी खेड्यापाड्यात पाणी असंच उपसायचे, त्यामुळे ही चूक मी चूक मानत नाही. ते इंजिन पिक्चरमधे दिसत नाही हे खरं, पण मग पिक्चरमधे टाकीचं पाणी तरी कोण पितंय!

शोलेमधे बघायचंच असेल तर शाल बघा. जय आणि वीरू ठाकूरच्या घरी राहतात, येता-जाता त्याच्याशी बोलतात, आणि त्याला हात नाहीत हे त्यांना कळतं कधी, तर होळीच्या हल्ल्यानंतर. तोपर्यंत माणूस जेवला नाही, नमस्कार केला नाही, डोकं खाजवलं नाही? दोघेही चोर आहेत हो, समोरच्याच्या हाताकडे लक्ष ठेवणं हा त्यांचा धंदा. आणि होळी म्हणजे उन्हाळा तोंडावर आलेला, अशात खांद्यावरून शाल हलत नाही तरी दोघांना शंका येत नाही. पण गंमत अशी की पहिल्यांदा बघताना आपल्यालाही येत नाही. ठाकूरने समोर पडलेली बंदूक उचलून दिली नाही म्हणून ते दोघं चिडतात तेव्हा आपणही त्यांच्याबरोबर चिडलेले असतो, आणि मग वाऱ्याने शाल उडते. दुसऱ्यांदा बघा, ठाकूरचा नोकर रामलाल किती वेळा जवळपास घुटमळतोय ते मोजा. गोष्टीतलं हे भोक ठरवून पाडलंय आणि त्यावर सुंदर शाल टाकलीये.

प्रश्न : ‘अंधा कानून’मधे (१९८३) अमिताभला ज्याच्या खुनासाठी शिक्षा होते तो माणूस जिवंत निघतो, मग अमिताभ त्याला भर कोर्टात मारतो आणि म्हणतो की याची शिक्षा मी आधीच भोगलीये. आमच्या घरी यावर दोन गट पडलेत. कायद्याने हे चालतं का?

नाही चालत, ज्या गटाने चालतं म्हटलंय त्यांनी आता गप्प बसावं. संविधानाच्या कलम २०(२) प्रमाणे एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला आणि शिक्षा होत नाही, बरोबर, पण गुन्हा म्हणजे माणूस नव्हे, कृत्य. पहिला खून झालाच नव्हता, तेव्हा ती शिक्षाच चुकीची, ती रद्द करून घेता येईल, भरपाई मागता येईल. आज कोर्टात जे केलं ते नवं कृत्य, नवी तारीख, नवी जागा आणि साक्षीदार म्हणून खुद्द जज्जसाहेब. आधी भोगलेली वर्षं म्हणजे काही आगाऊ भरलेलं बिल नाही. फार तर शिक्षा ठरवताना कोर्ट सगळी हकीकत लक्षात घेईल.

‘मेलेला’ माणूस परत येणं हे मात्र अगदीच फिल्मी नाही बरं का. इंग्लंडमधल्या कॅम्पडेन गावातून १६६० मधे विल्यम हॅरिसन नावाचा माणूस गायब झाला, प्रेत सापडलं नाही तरी तिघांना फाशी दिली, आणि १६६२ मधे हा गृहस्थ चालत घरी आला. त्या तिघांना काय वाटलं असेल हे विचारायला कोणी उरलंच नव्हतं.

आणि आपल्याकडे ‘पिंजरा’ (१९७२) आहेच की! गुरुजी मेले असं सगळं गाव धरून चालतं, त्यांचा पुतळा उभारतात, आणि शेवटी गुरुजींनाच गुरुजींच्या खुनासाठी धरतात. आता कोणी म्हणेल बोटांचे ठसे का नाही घेतले, ठशांचं पहिलं ब्यूरो तर कलकत्त्यात १८९७ सालीच सुरू झालं होतं, चेहरा ओळखू येत नव्हता तरी प्रेताला बोटं होती. अगदी बरोबर आहे. पण डॉ. लागू आरोपीच्या पिंजऱ्यात उभे असतात, तोंड उघडलं तर जीव वाचतो आणि पुतळा पडतो, आणि ते तोंड उघडत नाहीत, तेव्हा ठसे-बिसे कोणाच्या डोक्यात येतात? माझ्या तरी नाही आले. घरी येऊन, हातपाय धुऊन, जेवायला बसल्यावर आले.

प्रश्न : डोक्याला मार लागून स्मृती जाते, दुसरा मार लागला की परत येते. यात काही तथ्य आहे?

पहिल्या अर्ध्यात थोडं, दुसऱ्यात शून्य. मार लागल्यावर विसरायला होतं, पण बहुतेक वेळा अपघाताच्या आधीचा आणि नंतरचा काही काळ पुसला जातो, नवीन गोष्टी लक्षात राहत नाहीत, माणूस तोच प्रश्न दहादा विचारतो. स्वतःचं नाव, आईबाप, सगळं आयुष्य साफ विसरणं आणि बाकी बोलणं-चालणं, गाणं-नाचणं मात्र ठणठणीत, हे डोक्याच्या माराने सहसा होत नाही, झालंच तर मनावरच्या जबर आघाताने होतं आणि तेही क्वचित. दुसरा मार बसला तर मेंदूची अवस्था आणखी बिघडते, आधीच्या मारातून मेंदू सावरलेला नसेल तर जिवावरही बेतू शकतं, तेव्हा घरी कोणी प्रयोग करू नका.

एवढं माहीत असूनही ‘सदमा’च्या (१९८३) शेवटी मी दर वेळी रडते. तिथेही श्रीदेवी अपघातानंतर लहान मूल होते आणि बरी झाल्यावर मधले सगळे दिवस विसरते, वैद्यकीयदृष्ट्या फारच सोयीचं आहे सगळं. पण ती सोय कोणासाठी वापरलीये बघा. इतर ठिकाणी स्मृती जाते ती गोष्ट लांबवायला, किंवा हिरोला दुसरं लग्न करून द्यायला. इथे ती गेल्यामुळे कमल हासन स्टेशनवर चिखलात पडत-धडपडत, डोक्यावर भांडं घेऊन माकडउड्या मारतो आणि गाडीतली ती त्याच्याकडे कोणी वेडा असावा तसं बघते.

प्रश्न : (तीन पत्रांतले छोटे प्रश्न एकत्र) रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावून उपयोग होतो का? क्लोरोफॉर्मच्या रुमालाने माणूस दोन सेकंदांत बेशुद्ध पडतो का? मॉनिटरवर रेघ सरळ झाली की शॉक देऊन जिवंत करतात का?

नाही, नाही आणि नाही. रिव्हॉल्व्हरच्या गोल चकती आणि नळीमधे फट असते, आवाज तिथूनच बाहेर पडतो, पुढे काहीही लावा. ‘नागांत’ नावाचं रशियन रिव्हॉल्व्हर हा अपवाद, त्यात चकती पुढे सरकून फट बंद होते, पण आपल्या व्हिलनकडे ते नसायचं. क्लोरोफॉर्मला काही मिनिटं हुंगत राहावं लागतं, तेवढ्या वेळात हिरोइन ओरडून चार माणसं गोळा करेल. आणि शॉक देतात तो वेडावाकडा थरथरणारा ठोका थांबवून हृदयाला पुन्हा लयीत आणायला, रेघ सपाट झालेली असेल तर तिथे छाती दाबणं आणि इंजेक्शन. मालिकेतले डॉक्टर सपाट रेघ दिसताच “क्लिअर!” म्हणून धावतात कारण रेघ सगळ्यांना कळते.

प्रश्न : ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधल्या बा चे वय किती होते हे कोणी सांगू शकेल का? मी हिशोब केला तर शंभराच्या बऱ्याच पुढे जाते.

तुमचा हिशोब बरोबर आहे, मालिकेचा नव्हता. २००० साली सुरू झाली, मधे लीप वर लीप घेतल्या (म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे), सुना सासवा झाल्या, सासवा आज्या झाल्या, आणि बा तिथेच. रोजच्या मालिकेचं गणित वेगळं असतं हो. आठवड्याला पाच भाग म्हटलं तर वर्षाला अडीचशेच्या वर, आपली ‘चार दिवस सासूचे’ तर तीन हजारांच्या पुढे गेली, एवढं सगळं कोणी आधी लिहून ठेवत नाही. काही वेळा सकाळी सीन लिहून येतो, दुपारी शूट होतो. नट सोडून गेला की पात्राला अपघात, दुसरा नट मिळाला की पट्ट्या सोडून प्लास्टिक सर्जरी, लोक खवळले की मेलेला परत. ‘क्योंकि’चा हिरो मिहीर मेला तेव्हा प्रेक्षकांनी केवढा आरडाओरडा केला आणि तो परत आला, म्हणजे ते भोक लेखकाने पाडलं असलं तरी ठिगळ आपणच लावायला लावलं. बा ला मारायची मात्र कोणाची हिंमत झाली नाही आणि मला विचाराल तर बरंच झालं.

प्रश्न : ‘अशी ही बनवाबनवी’मधे दोन बाप्ये साडी नेसून राहतात आणि घरमालकिणीला कळत नाही, हे तुम्हाला पटतं?

अजिबात नाही. पुढचा प्रश्न.

प्रश्न : तुम्ही सगळ्यांना माफ करत सुटता. तुम्हाला अजिबात सहन न होणारा असा एक तरी सीन आहे की नाही?

आहे ना, आणि तो कुठल्या एका पिक्चरमधला नाहीये. एक जण म्हणतो “मला तुला काहीतरी सांगायचंय”, दुसरी म्हणते “आधी माझं ऐक”, ती आपलं सांगते, दोघं हसतात किंवा रडतात, आणि पहिल्याने काय सांगायचं होतं ते ती विचारतच नाही. तोही “जाऊ दे, काही नाही” म्हणून निघून जातो. त्यावर पुढचा दीड तास, मालिका असेल तर चार महिने. एका वाक्याचं काम असतं हो, “तो मुलगा माझा नाही, भावाचा आहे”, संपलं. तेवढं वाक्य त्याच्या तोंडून निघेपर्यंत मी चहा टाकून येते, परत येते तर हा अजून दारातच.